मांडणी : अन्नाची चित्रं आणि घराची ऐपत

प्रस्तावना

चित्रकलेच्या इंटरमिजिएट ग्रेड परीक्षेची तयारी चालली होती, तेव्हा कोल्हापुरातल्या आमच्या शाळेत दर शनिवारी दुपारी स्थिरचित्राचा वर्ग भरायचा. सर एक लाकडी खोकं उपडं ठेवायचे, त्यावर चादर टाकायचे, चादरीला दोन-तीन चुण्या पाडायचे आणि वर एक पितळेची कळशी, एक बशी, तीन वांगी आणि एक कांदा मांडायचे. वांगी ते स्वतःच्या पैशानं कपिलतीर्थ मंडईतून आणत. दोन-अडीच तासांनी वर्ग सुटला की वांगी परत पिशवीत जात आणि रात्री सरांच्या घरी त्यांची भाजी होई. एकदा एकानं विचारलं, ‘सर, पुस्तकातल्या चित्रांत सफरचंद असतं, आपण का ठेवत नाही?’ सर म्हणाले, ‘सफरचंद महाग असतंय बाळ. वांग्यावरचा उजेड बघ, तो काढायला शीक.’ आमच्यापैकी बहुतेकांच्या घरी सफरचंद यायचं ते कुणी दवाखान्यात असेल तेव्हाच.

पुढची पानं वाचण्याआधी वाचकानं ती वांगी डोळ्यांसमोर ठेवावीत, कारण या पुस्तकाचा विषय त्यांच्यातच आहे. अन्नाचं चित्र काढायचं तर अन्नाला थांबावं लागतं. चिरलेलं, सोललेलं, वाढलेलं अन्न कुणी हात न लावता तासन्‌तास तसंच राहिलं पाहिजे. ज्या घरात भाकरी तव्यावरून थेट पोराच्या हातात जाते, तिथलं अन्न चित्रकारासाठी थांबू शकत नाही. चित्रात किती पदार्थ आहेत ते मोजून घराची ऐपत ठरवायला आपण लगेच निघतो. मला वाटतं, खूण दुसरीकडे आहे. काय अर्धं सोलून सोडलंय, काय उष्टं पडलंय, कशाची कुणाला घाई नाही, हे आधी बघावं. थांबू शकणारं अन्न ही श्रीमंती. आमच्या सरांची वांगी थांबत होती, पण रात्रीपर्यंतच.

या प्रकारच्या चित्रांचं नाव निघालं की सतराव्या शतकातल्या हॉलंडकडे जावंच लागतं. पीटर क्लास या चित्रकाराचं १६२७ सालचं एक मोठं चित्र ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. पांढऱ्याशुभ्र कापडावर टर्की पक्ष्याचं मांस पिठाच्या पारीत भरून भाजलेली भलीमोठी ‘पाय’, तिच्यावर त्याच पक्ष्याची पिसं आणि मुंडकं खोवलेलं. शेजारी शिंपल्याचा चांदीनं मढवलेला पेला, चिनी निळ्या-पांढऱ्या वाडग्यात ऑलिव्ह, कालवं, पाव, आणि लिंबू, ज्याची साल अर्धीच काढून खाली लोंबकळत सोडली आहे. पदार्थ एका गावचे नाहीत. टर्की मूळचा अमेरिकेतला, लिंबू आणि ऑलिव्ह दक्षिण युरोपातले, वाडगा चीनचा. सगळ्यात लहान वस्तू मात्र मला सगळ्यात बोलकी वाटते. पंचांगासारख्या छापील पुस्तकाचं एक पान गुंडाळून केलेली पुडी आहे आणि तिच्यातून मिरपूड सांडते आहे. आपल्या किराणा दुकानात जशी रद्दीच्या कागदाची पुडी बांधतात, अगदी तशी. ज्या मिरीसाठी जहाजं अर्धं जग पालथं घालत होती, ती इथं रद्दीच्या पुडीतून सांडते आणि कुणी ती गोळा करत नाही. त्या घराजवळ किती होतं, हे चांदीचा पेला सांगतो त्याहून ती पुडी जास्त सांगते.

मिरी त्या मेजावर कशी पोचली, याचा धागा आपल्याकडच्या किनाऱ्यालाही लागतो. डच ईस्ट इंडिया कंपनी १६०२ साली स्थापन झाली. क्लासच्या चित्रानंतर दहा वर्षांनी, १६३७ मध्ये, तिचा वकील योहान व्हान ट्विस्ट विजापूरच्या दरबारी आला आणि आदिलशाहीच्या परवानगीनं वेंगुर्ल्यात डचांचं ठाणं झालं. कोल्हापूर-पन्हाळ्याचा मुलूखही तेव्हा आदिलशाहीतच होता. आंबोलीचा घाट उतरून वेंगुर्ल्याला गेलं की डच वखारीच्या जुन्या भिंती आजही बघायला मिळतात. मी त्या भिंतींसमोर उभा राहिलो तेव्हा मला लढाया, तह यातलं काहीच आठवलं नाही. ती सांडलेली मिरपूड आठवली. क्लासच्या मेजावर जे मांडलेलं दिसतं, ते कुणाच्या तरी किनाऱ्यावरून, कुणाच्या तरी पाठीवरून, कुणी तरी ठरवलेल्या भावानं उचललेलं असतं. चित्रात ती पाठ येत नाही, हातसुद्धा येत नाही. कालवं उघडणारी, टर्कीची ती ‘पाय’ भाजणारी, नंतर ती भांडी घासणारी बाई चौकटीच्या बाहेर उभी असते.

आपल्याकडच्या जुन्या चित्रांत अन्न असं एकटं सापडत नाही. माळव्यातल्या मांडूच्या सुलतानासाठी साधारण १५०० सालच्या सुमारास ‘निमतनामा’ नावाचा पाककृतींचा सचित्र ग्रंथ तयार झाला. त्यात सुलतान बसलेला आहे आणि त्याच्या भोवती ढवळणारे, वाटणारे, भांडी आणणारे लोक आहेत. लोणी असेल तर कृष्ण असतो, नैवेद्य असेल तर देव असतो आणि तो दाखवणाराही असतो. अन्न कुणी केलं आणि कुणापुढं ठेवलं, हे त्या चित्रांत पुसलं जात नाही. माणसं बाजूला सारून नुसत्या वस्तूंकडे बघायची सवय इंग्रजी काळातल्या कलाशिक्षणानं लावली. सर जमशेदजी जीजीभाईंच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून मुंबईत १८५७ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं. त्यातून वस्तुचित्र आणि स्थिरचित्र शाळेपर्यंत आलं आणि एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या वाटेनं महाराष्ट्रातल्या तालुक्या-तालुक्यांतल्या पोरांच्या हातात पोचलं. खेड्यातल्या इतक्या मुलांना स्थिरचित्र काढायला लावणारे प्रांत जगात फार नसतील. तरी स्थिरचित्र म्हणजे परीक्षेपुरतं, अशीच आपली समजूत राहिली. ती बदलावी, ही माझी मनापासूनची इच्छा आहे.

या समजुतीमागे युरोपातली एक जुनी उतरंडही आहे. सतराव्या शतकात फ्रान्सच्या अकादमीत चित्रविषयांचे दर्जे ठरवले गेले. सगळ्यात वर पुराण-इतिहासातले प्रसंग, मग व्यक्तिचित्र, मग रोजच्या जगण्यातले प्रसंग आणि निसर्ग, सगळ्यात खाली निर्जीव वस्तू आणि फळं. राजाचं चित्र काढणारा मोठा, राजाच्या ताटातलं फळ काढणारा लहान. उतरंड हा शब्द मी विचार करून वापरतो आहे. आपल्या घरात उतरंड म्हणजे एकावर एक रचलेली मडकी: खाली मोठं, वर त्याहून लहान. हाच शब्द आपण जातींसाठीही वापरतो. भांडी रचण्याची रीत आणि माणसं रचण्याची रीत एकाच शब्दात मावावी, ही आपल्या भाषेनं नोंदवून ठेवलेली मोठी खरी गोष्ट आहे.

दुसरा शब्द मांडणी. चित्रकार मांडणी म्हणतो तेव्हा त्याला चित्राची रचना अभिप्रेत असते. आमच्या आजीच्या तोंडी मांडणी म्हणजे स्वयंपाकघरातली भांड्यांची फळी. दसऱ्याआधी ती सगळी भांडी खाली काढायची, चिंचेनं आणि राखेनं घासायची, आतून कल्हई करून घ्यायची आणि परत ओळीनं लावायची: हंडे, घागरी, कळश्या, पितळी, परात, डबे, पुढं तांबे आणि फुलपात्रं. सोप्यातून आत डोकावणाऱ्या पाहुण्याला पहिली मांडणी दिसावी, अशीच तिची जागा असायची. रोजच्या भाजी-भाकरीला त्यातलं एकही भांडं लागायचं नाही. रोजची भांडी चुलीपाशी, काळी पडलेली. मांडणीवरची भांडी बघायची होती. डच व्यापाऱ्यानं भिंतीवर चित्र टांगलं, आमच्या घरांनी तेच चित्र पितळेत लावलं. माझ्या मते मराठी स्थिरचित्राचा इतिहास कॅनव्हासवर शोधण्याआधी या फळीवर शोधायला हवा.

आणि रुखवतात. मुळात रुखवत म्हणजे मुलीकडच्यांनी नवरदेवापुढं ठेवायचा फराळ. पुढं त्याचं प्रदर्शन झालं. कार्यालयाच्या एका भिंतीला लांब टेबलं लावून त्यावर लाडवांचे मनोरे, करंज्या, चिरोटे, अनारसे, शेवया, कुरडया, रंगीत पापड, साखरेचं तुळशीवृंदावन, नारळाला घातलेले डोळे आणि शेला-पागोटं, आणि त्यांच्या मागं स्टीलच्या भांड्यांची भिंत. मुलीकडच्या बायका महिनाभर रात्री जागून हे करतात. येणारा प्रत्येक जण टेबलाशी थांबतो, नजरेनं मोजतो आणि पुढं जातो. डच भाषेत श्रीमंती मिरवणाऱ्या स्थिरचित्रांसाठी एक वेगळं नावच आहे, त्याचा अर्थ ‘थाटाचं चित्र’ असा होतो. रुखवत हे आपलं थाटाचं चित्र. फरक इतकाच की डच चित्र ज्याच्या घरात टांगलं जाई, थाट त्याचा असे. रुखवतात थाट मुलीच्या बापाचा आणि बघणारे डोळे व्याह्यांचे. ते टेबल कर्ज काढून भरलंय का, हे लाडवांकडे बघून कळत नाही. म्हणून मला रुखवताचा फोटो कधी सरळ मनानं बघता येत नाही. त्यात बायकांच्या हातचं अफाट कौशल्य आहे, आणि त्या कौशल्याला ज्या कामाला जुंपलंय ते काम मला मान्य नाही.

भांड्यांवर नावं असतात, हे मराठी वाचकाला सांगायला नको. कासार किंवा दुकानदार टोच्यानं ठिपका-ठिपका पाडून नाव घालतो: कुणाच्या लग्नात, कुणाकडून, कोणत्या तारखेला. चित्रकार चित्राच्या कोपऱ्यात सही करतो, इथं देणाऱ्याची सही असते. एका घरची दहा भांडी उलटी करून वाचली की तीन पिढ्यांची सोयरीक हाताशी येते. मामानं हंडा दिला, दुसऱ्या मामानं तांब्या, यावरून कुणाचं त्या वर्षी बरं चाललं होतं तेही कळतं. पितळ आणि तांबं ही घराची ठेवही होती. पाऊस गेला, बैल मेला, दुखणं आलं की पहिली फळीवरची घागर सावकाराकडे जायची किंवा मोडीत निघायची. मांडणीवरची मोकळी जागा सगळ्या गावाला दिसायची. भरलेल्या फळीचं चित्र जितकं बोलतं, तितकीच ती मोकळी जागाही.

ही मोकळी जागा कोल्हापूरच्या एका चित्रकारानं ओळखली होती. बाबूराव पेंटर यांनी १९२५ मध्ये ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढला. हरी नारायण आपट्यांच्या कथेवरच्या या चित्रपटात सावकाराच्या कचाट्यात जमीन गमावून शहरातल्या गिरणीत जाणारा शेतकरी होता आणि ती भूमिका तरुण व्ही. शांताराम यांनी केली होती. पडदे रंगवणारा, पुतळे ओतणारा, कॅमेरा स्वतः बनवणारा हा कलावंत पौराणिक चित्रपटांच्या ऐन भरात कर्जबाजारी झोपडीकडे वळला. आपल्या चित्रपटातला वास्तववाद इथून सुरू झाला असं म्हणतात आणि ते रास्त आहे.

कोल्हापूरला कलापूर म्हणतात, पण या कलापुराच्या चित्रांत अन्न फार कमी आहे. शाहू महाराजांनी दरबारचे चित्रकार म्हणून आश्रय दिलेल्या आबालाल रहिमान यांनी कोटितीर्थ, रंकाळा, पंचगंगेचा काठ रंगवला. पाण्यावरचा उजेड त्यांच्याइतका कुणी पाहिला नाही. कोल्हापुरातच १८६७ मध्ये जन्मलेले महादेव विश्वनाथ धुरंधर जे. जे.मध्ये शिकले आणि तिथंच मोठ्या पदाला चढले. मराठी घरातले सण, लग्नं, देवळाला निघालेल्या बायका त्यांनी इतक्या बारकाईनं रेखाटल्या की त्या काळचं लुगडं नेसण्याची पद्धत त्यांच्या चित्रांवरून शिकता यावी. पूजेचं तबक त्यांच्या चित्रात येतं, पण बाईच्या हातातूनच येतं. पोट भरायचं तर व्यक्तिचित्र करायचं, मन भरायचं तर नदीकाठी जायचं, अशी इथल्या चित्रकारांची विभागणी मला दिसते. फळं-भांडी शिकण्यापुरती. टाऊन हॉलच्या संग्रहालयात आबालाल, बाबूराव यांची चित्रं पाहताना मी दर वेळी एखादी दुरडी, एखादं ताट शोधत राहतो. तिथंच, ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४०च्या दशकात सापडलेल्या जिनसा आहेत. त्यात समुद्रदेव पोसायडनची लहानशी ब्राँझची मूर्ती आहे. त्याच साठ्यात रोमन घडणीची सुरईही निघाली होती. दोन हजार वर्षांपूर्वी पंचगंगेच्या काठावरच्या कुणा सधन घरानं परदेशी भांडं जपून ठेवलं होतं. फळीवर दिसेल असं ठेवलं असेल, असं मला आपलं वाटतं.

स्थिरचित्राला त्याची पायरी मिळवून दिली ती मुंबईत, आणि तीही घरगडी म्हणून राबलेल्या माणसानं. कृष्णाजी हौळाजी आरा लहानपणी घर सोडून मुंबईला आले. त्यांनी मोटारी धुतल्या, लोकांच्या घरी कामं केली, मिठाच्या सत्याग्रहात तुरुंग भोगला. १९४७ मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापणाऱ्यांत ते होते. फुलं, फळं, सुरया, वाडगे त्यांनी आयुष्यभर रंगवले, आणि १९५२ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक त्यांना मिळालं तेही दोन सुरयांच्या चित्राला. दुसऱ्याच्या घरची भांडी ज्यानं पुसली, त्याच्या चित्रातलं भांडं जड असतं, खरोखर उचलावं लागेल असं असतं. चौकटीबाहेर उभा असलेला हात इथं कुंचला घेऊन आत आला. मला आरा म्हणूनच प्रिय आहेत.

एक चित्र मात्र कोल्हापुरात कुणी काढलं नाही, आणि ते काढायला हवं होतं. दरबारच्या पागेत काम करणारे गंगाराम कांबळे यांना सवर्णांच्या पाण्याला शिवल्याबद्दल मारहाण झाली. शाहू महाराजांनी त्यांना चहाचं हॉटेल काढायला मदत केली. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला गिऱ्हाईक येईना, तेव्हा महाराज भाऊसिंगजी रोडवर स्वतः त्या हॉटेलापुढं गाडी थांबवून चहा घेऊ लागले आणि बरोबरच्यांनाही पाजू लागले. एक कप, एक बशी, थोडा चहा. क्लासच्या मेजावरच्या सगळ्या जिनसांत जेवढं मावत नाही, तेवढं त्या एका कपबशीत आहे. अन्न किती आहे यापेक्षा ते कुणाच्या हातून घेतलं जातं, हा आपल्याकडचा मूळ प्रश्न. युरोपच्या स्थिरचित्रावरच्या पुस्तकांत हा प्रश्न नसतो, म्हणून त्यांच्या चष्म्यातून आपली ताटं पुरती दिसत नाहीत.

गुळाबद्दल दोन ओळी लिहितो, कारण कोल्हापूरवरच्या प्रस्तावनेत तो आलाच पाहिजे. १८९५ मध्ये शाहूपुरीची पेठ वसली आणि कोल्हापूरचा गूळ देशभर जाऊ लागला. ज्या जिल्ह्यात घरोघरी काहिली रटरटत होत्या, तिथं पाहुण्याला चहा साखरेचा आणि घरच्यांना गुळाचा, असा दंडक कित्येक घरांत होता. आपल्याच रानातला गूळ पाहुण्यापुढं ठेवायला माणसं लाजत होती. त्याच घरांत त्याआधी उन्हातून आलेल्याला गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी देत, त्यात कुणाला कमीपणा वाटत नव्हता. आज सेंद्रिय गुळाचा चहा मोठ्या शहरांत जास्त पैसे मोजून पितात. पदार्थ तोच राहिला, फळीवरची त्याची जागा हलली. पांढऱ्या चपातीची आणि काळ्या हुलग्याच्या माडग्याची गोष्टही अशीच आहे. तांबड्या-पांढऱ्या रश्शाच्या थाळीचे फोटो आता जेवणाआधी काढले जातात. तेवढा वेळ ते अन्न थांबतं, आणि कोण थांबवू शकतो हे त्यातही दिसतं.

पुढची चित्रं बघताना वाचकानं घाई करू नये. आधी काय महाग आहे ते शोधू नये. उजेड कुठून येतो ते बघावं, भांडं कोणत्या धातूचं आहे ते बघावं, सुरी कुणाच्या बाजूला ठेवली आहे ते बघावं. मग विचारावं की हे कुणी पिकवलं, कुणी रांधलं, कुणी आधी खाल्लं आणि उरलेलं कुणाच्या वाट्याला आलं. स्पेनच्या सांचेस कोतान या चित्रकारानं १६०२च्या सुमारास दोरीला टांगलेला कोबी रंगवला. तो पाहून थोर समीक्षकांना वैराग्य आठवतं. मला आमच्या आजीचं शिंकं आठवलं, मांजराच्या आणि मुंग्यांच्या तावडीतून सायीचं भांडं वाचवणारं. दोन्ही वाचनं खरी आहेत, आणि दुसरं वाचन मराठी वाचकच करू शकतो.

एक विनंती आहे. माळ्यावर, कोठीत, पलंगाखाली पोत्यात बांधून ठेवलेली जुनी भांडी अजून पुष्कळ घरांत आहेत. घर पाडून नवं बांधताना ती किलोच्या भावानं मोडीत जातात, आणि त्यांच्यावरची नावं वितळून जातात. द्यायची असतील तर द्या, पण त्याआधी एका दुपारी ती खाली काढा, पुसा, ओळीनं मांडा, खिडकीचा उजेड पडू द्या आणि फोटो काढा. प्रत्येकावरचं नाव, गाव आणि तारीख वहीत उतरवून घ्या. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला शेजारी बसवा आणि विचारा, यात काय शिजायचं आणि ते कोण जेवायचं.